‘वेर्डन’ वारंवार अडतंय? आधी वाक्याचं शेपूट बघा

खालचं एखादं लक्षण तुमच्या वहीत सापडत असेल, तर दुखणं बहुधा एकाच जागी आहे: ‘वेर्डन’ हे जर्मन क्रियापद. अर्थ ‘होणे’, पण भविष्यकाळाला आणि कर्मणीलाही तेच लागतं.

• ‘मी उद्या येईन’ म्हणायचं असतं आणि तोंडातून निघतं ‘इश विल मॉर्गन कॉमन’. समोरच्याला वाटतं, हिला यायची फार इच्छा आहे.
• ‘मला नर्स व्हायचंय’ यासाठी ‘इश म्यॉश्टं क्रांकनश्वेस्टर बकॉमन’ लिहिलं जातं. त्याचा अर्थ होतो, ‘मला एक नर्स मिळावी’.
• वाचताना ‘विर्ट’ (वेर्डनचं ‘तो, ती, ते’बरोबरचं रूप) दिसला की गाडी थांबते. होतंय, होणार आहे, की केलं जातंय?
• ‘वुर्डं’ (झालं) आणि ‘व्युर्डं’ (झालं असतं) यांची सर्रास अदलाबदल होते.
• ‘इश हाबं म्यूडं गवॉर्डन’, ‘इस्ट गबाउट गवॉर्डन’, ‘एर विर्ट आइनन गूटन लेरर’. तिन्ही चूक (का, ते पाचव्या तपासणीत), आणि तिन्ही मी दर बॅचमध्ये लाल करते.

लिपीबद्दल एक सूचना. जर्मन शब्द मी देवनागरीतच लिहिलेत. शब्दाच्या शेवटी अनुस्वार दिसेल तिथे नाकातून बोलू नका, ‘घरं’, ‘केलं’ म्हणतो तसं वाचा. ‘विर्ट’ हा शब्द स्पेलिंगमध्ये ‘डी’ने संपतो, पण जर्मनमध्ये शब्दाच्या शेवटचा ड कडक होऊन ट ऐकू येतो.

मी संध्याकाळच्या बॅच घेते. 2024 मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून माझ्याकडे नर्सिंग आणि आयटीआय झालेली मुलंमुली जास्त येतात. हुशार असतात. पण जर्मन वाक्य मराठीतून थेट जर्मनमध्ये नेत नाहीत, वाटेत इंग्रजीच्या स्टेशनावर उतरतात. ‘वेर्डन’चं सामान तिथेच हरवतं.

आता तपासण्या. सोप्यापासून अवघडाकडे जाऊ. दुखणं सापडलं की तिथेच थांबा, पुढचं सगळं करायची गरज नाही.

तपासणी पहिली: इथे वेर्डन लागतंय तरी का?

ही फुकटची तपासणी आहे आणि निम्मी वाक्यं इथेच बरी होतात. घरातून निघताना आपण म्हणतो, ‘उद्या येतो हं.’ ‘येईन’ही नाही, ‘येणार आहे’ही नाही, साधा वर्तमानकाळ. ‘उद्या’ म्हटल्यावर भविष्य कळलंच. जर्मन माणूसही हेच करतो: ‘इश कॉमं मॉर्गन.’ वाक्यात उद्या, सोमवारी, पुढच्या वर्षी असा शब्द असेल, तर वेर्डन काढून टाका आणि साधा वर्तमानकाळ वापरा. रोजच्या बोलण्यात तेच जास्त ऐकू येतं.

हे आधी बघायचं, कारण बहुतेक चुका मुळात नको असलेल्या वेर्डनमध्ये होतात. नसलेल्या यंत्राला बिघाड होत नाही.

मग हा भविष्यकाळ खरा लागतो कुठे? वचन देताना, ठासून सांगताना, दम देताना. ‘डू विर्स्ट येट्स्ट श्लाफन!’ म्हणजे आईचं ‘तू आत्ता झोपणार आहेस, कळलं?’ आणि अंदाज करताना. ‘एर विर्ट वोल क्रांक झाइन’ म्हणजे ‘तो आजारी असेल’. इथे मराठी माणसाला काही नवीन शिकायचंच नाही. आपला ‘असेल’ दिसायला भविष्यकाळी आहे, पण अंदाज करतो आजचा. ‘त्याची गाडी चुकली असेल’ हे तर जर्मनमध्ये जसंच्या तसं उतरतं: ‘एर विर्ट डेन त्सूक फेरपास्ट हाबन.’ इंग्रजीतून आलात तर हे वाक्य डोंगरासारखं वाटतं, मराठीतून आलात तर नेहमीचा रस्ता आहे.

तपासणी दुसरी: इंग्रजी आत शिरलंय का?

इंग्रजी ‘विल’ आणि जर्मन ‘विल’ हे खरोखरचे चुलतभाऊ आहेत. दोघांचाही जुना अर्थ ‘इच्छिणे’. इंग्रजीने पुढे त्याला भविष्यकाळाच्या कामाला लावलं, जर्मनने इच्छेलाच ठेवलं. त्यामुळे ‘इश विल’ म्हणजे ‘मला हवंय, माझी इच्छा आहे’, दुसरं काही नाही. ‘बिकम’ आणि ‘बकॉमन’ हेही एकाच घरातले. इंग्रजी भाऊ ‘होणे’कडे गेला, जर्मन भाऊ ‘मिळणे’कडे. जर्मन लोकांनाही हा खड्डा माहीत आहे. इंग्रजी हॉटेलात ‘मला स्टेक कधी मिळेल’ विचारायला जाऊन ‘मी स्टेक कधी होईन’ असं विचारणाऱ्या जर्मन गिऱ्हाइकाचा विनोद त्यांच्याकडे झिजून गुळगुळीत झालाय.

विनोद हॉटेलात ठीक आहे, वॉर्डात नाही. सरावात मी एकीला ड्यूटी बदलताना दुसऱ्या नर्सला माहिती द्यायला सांगितली होती. रुग्णाला उद्या डिस्चार्ज आहे एवढंच सांगायचं होतं. बरोबर वाक्य: ‘डेअर पात्सिएंट विर्ट मॉर्गन एंटलासन.’ तिने ‘विर्ट’च्या जागी ‘विल’ घातलं. वाक्य लंगडं झालं, आणि ऐकणाऱ्याने ते मनात दुरुस्त करून घेतलं तर अर्थ निघाला की रुग्णच घरी जायचा हट्ट करतोय. एका अक्षराने डॉक्टरांचा निर्णय रुग्णाच्या गळ्यात पडला.

उपाय असा. ‘विल’ लिहिलं की त्याच्या डोक्यावर पेन्सिलीने ‘हवंय’ लिहा आणि ‘बकॉमन’च्या डोक्यावर ‘मिळणे’. वाक्य पुन्हा मराठीत वाचा. ‘मला नर्स मिळणे हवंय’ असं काही निघालं की चूक आपोआप हसते. दुरुस्त वाक्य: ‘इश म्यॉश्टं क्रांकनश्वेस्टर वेर्डन.’ (जाता जाता, 2020 पासून जर्मनीत या शिक्षणाचं अधिकृत पदनाम ‘फ्लेगंफाखफ्राउ’ आहे, पुरुषांसाठी ‘फ्लेगंफाखमान’. अर्जात तेच लिहा.)

तपासणी तिसरी: वाक्याचं शेपूट

मला एकच तपासणी ठेवायची मुभा दिली, तर मी ही ठेवीन. ‘विर्ट’कडे बघत बसू नका, तो काही सांगणार नाही. वाक्याच्या शेवटी जा.

शेवटी नाम किंवा विशेषण असेल, तर अर्थ ‘होणे’. ‘एस विर्ट डुंकल’, अंधार होतोय.
शेवटी क्रियापदाचं मूळ रूप असेल, तर भविष्य. ‘इश वेर्डं फ्रागन’, मी विचारीन.
शेवटी भूतकाळी धातुसाधित असेल, बहुधा ‘ग’ने सुरू होणारं, तर कर्मणी. ‘इश वेर्डं गफ्राक्ट’, मला विचारलं जातंय.

शेवटची दोन वाक्यं शेजारी ठेवा. विचारणारा आणि ज्याला विचारलं जातंय तो, फरक फक्त शेपटाचा. आपल्याला शेवट बघायची सवय आहेच. मराठीत क्रियापद शेवटीच येतं, म्हातारं माणूसही ‘पुरतं ऐकून तर घे’ म्हणतं ते उगाच नाही.

तरी दोन सापळे आहेत. काही क्रियापदांचं मूळ रूप आणि धातुसाधित दिसायला एकच असतं: फेरगेसन म्हणजे विसरणे, एंटलासन म्हणजे सोडणे किंवा नोकरीवरून काढणे. ‘विअर वेर्डन ईन एंटलासन’ म्हणजे ‘आम्ही त्याला काढून टाकणार’. मधला ‘ईन’, म्हणजे ‘त्याला’, उडवा: ‘विअर वेर्डन एंटलासन’, आता आम्हालाच काढतायत. अशा वेळी वाक्यात ‘कोणाला’चं उत्तर शोधा. कर्म असेल तर भविष्य, नसेल तर बहुधा कर्मणी.

दुसरा सापळा ‘इस्ट’ आणि ‘विर्ट’ यांचा. ‘डी ट्यूर विर्ट गश्लॉसन’ की ‘डी ट्यूर इस्ट गश्लॉसन’? इंग्रजीत दोन्हीकडे एकच साहाय्यक क्रियापद येतं, म्हणून गोंधळ. गॅसवर दूध ठेवा आणि बघा. ‘दूध गरम होतंय’ म्हणजे विर्ट. ‘दूध गरम आहे’ म्हणजे इस्ट. दारालाही तेच: बंद होतंय तर विर्ट, बंद आहे तर इस्ट. होतंय आणि आहे ही जोडी तुमच्या तोंडात लहानपणापासून बसलेली आहे, तीच वापरा.

एक शब्द आणि तीन कामं, असं कसं?

हा प्रश्न प्रत्येक बॅचमध्ये कोणीतरी विचारतंच, आणि उत्तर कळलं की पाठांतर कमी होतं, म्हणून इथे जरा थांबते.

वेर्डनचं जुनं जर्मन रूप ‘वेर्डान’. मागे गेलं की ते ज्या भारोपीय धातूपाशी पोचतं, त्याचा अर्थ ‘वळणे, फिरणे’. लॅटिनमधलं ‘वेर्तेरे’ त्याच धातूचं. आणि संस्कृतमधला वृत्, वर्तते हाही तोच. म्हणजे तुम्ही ज्याला परका समजून घाबरताय, तो नात्यातला निघतो. वर्तुळ, वर्तन, परिवर्तन ही याची सख्खी भावंडं. गोल या अर्थाचं ‘वाटोळं’ वर्तुळावरून आलेलं, आणि चाकाची चाकोरी या अर्थाच्या ‘वर्त्मन्’वरून आपली ‘वाट’. जर्मनमध्ये ‘फोरवेर्ट्स’ म्हणजे पुढच्या दिशेला, त्यातलं शेपूटही याच मुळाचं. गंमत अशी की ज्या धातूतून आपण ‘वर्तमान’ काळाचं नाव काढलं, त्याच धातूच्या शब्दाने जर्मनने भविष्यकाळ केला.

वळण्यातून होणं निघालं, एका अवस्थेतून दुसरीत वळणं. दुधाचं दही होतं ते तसंच. ‘बांधलेलं’ या अवस्थेकडे घर वळतंय, म्हणजे बांधलं जातंय: ‘डास हाउस विर्ट गबाउट’, झालं कर्मणी. मध्ययुगीन जर्मनमध्ये वेर्डनपुढे ‘बघता’, ‘बोलता’ अशा अर्थाचं धातुसाधितही येई, ‘बघता होतो’ असं काहीसं. भविष्यासाठी तेव्हा ‘पाहिजे’ किंवा ‘इच्छितो’ अर्थाच्या क्रियापदांवरही भागत असे. पुढे वेर्डन आणि मूळ रूप ही जोडी रुळली आणि तिने भविष्यकाळाची गादी घेतली. तिन्ही कामांत कल्पना एकच: अजून झालेलं नाही, तिकडे वळतंय.

जुन्या इंग्रजीतही हा शब्द होता. इंग्रजीने तो पुढे टाकून दिला आणि त्याची कामं तीन वेगवेगळ्या शब्दांत वाटून टाकली. म्हणून इंग्रजीमार्गे आलात की वेर्डन तीन तुकड्यांत हाती येतं.

तपासणी चौथी: टिंबं आणि रूपं

रूपं पटकन: इश वेर्डं, डू विर्स्ट, एर विर्ट, विअर वेर्डन, ईअर वेर्डेट, झी वेर्डन. दोनच ठिकाणी पाय घसरतो. ‘डू’ बरोबर मधला ड गळतो, तो परत घालू नका. आणि ‘विर्ट’ कानाने लिहू नका, कागदावर शेवटी ‘डी’ आहे.

टिंबांचं प्रकरण जास्त महाग पडतं. ‘वुर्डं’ म्हणजे झालं, ‘व्युर्डं’ म्हणजे झालं असतं, केलं असतं. कागदावर फरक फक्त अक्षरावरच्या दोन ठिपक्यांचा. ‘इश व्युर्डं गेर्न आइनन काफे ट्रिंकन’, मला कॉफी घ्यायला आवडेल. ठिपके गेले की वाक्यच उरत नाही. उच्चारासाठी ‘ई’ म्हणत राहा आणि जीभ न हलवता ओठांचा ‘ऊ’सारखा चंबू करा. आरशासमोर पाच मिनिटं पुरतात, घरचे हसतील तेवढंच. कीबोर्डवर ठिपके नसतील तर ‘यू’पुढे ‘ई’ टाइप करा, ते मान्य आहे. ठिपके गाळणं मान्य नाही.

जुन्या मजकुरात ‘वार्ट’ दिसलं तर छपाईची चूक समजू नका. ते ‘वुर्डं’चं जुनं एकवचनी रूप आहे. ल्युथरच्या बायबलमध्ये देव म्हणतो ‘एस वेर्डं लिश्ट’, प्रकाश होवो, आणि पुढे ‘एस वार्ट लिश्ट’, प्रकाश झाला. ओळखता आलं की पुरे, स्वतः वापरायचं नाही.

तपासणी पाचवी: आजूबाजूचे शब्द

क्रियापद बरोबर असूनही वाक्य चुकत असेल, तर शेजारी बघा.

‘तो चांगला शिक्षक होईल.’ शिक्षकाला ‘ला’ लागला का? नाही. जर्मनमध्येही प्रथमाच: ‘आइन गूटर लेरर’. ‘आइनन गूटन’ केलंत तर शिक्षकाला कर्म बनवलंत.

उलट, ‘मला थंडी वाजायला लागली’ इथे ‘मला’ आहे, तर तिकडेही ‘मिअर’ हवं: ‘मिअर विर्ट काल्ट.’ ‘मिअर विर्ट श्लेश्ट’ म्हणजे मला मळमळतंय. रुग्णाच्या तोंडून हे वाक्य रोज ऐकाल. ‘इश वेर्डं काल्ट’ म्हणालात तर तुम्ही स्वतःच गार पडताय, प्रेताच्या अंगाने.

पूर्ण भूतकाळात वेर्डनला ‘झाइन’ (असणे) लागतं, ‘हाबन’ (जवळ असणे) नाही. ‘इश बिन म्यूडं गवॉर्डन.’ मराठीत ‘मी दमलो’ म्हणतो, ‘मी’ला ‘ने’सारखं काही लागत नाही, यावरून एक युक्ती काढायचा मोह होतो: ‘ने’ नाही तिथे झाइन. करू नका. ‘मी झोपलो’ला जर्मनमध्ये हाबन आहे, ‘इश हाबं गश्लाफन’. युक्ती मीही शिकवायचे, तिने मला दोनदा तोंडघशी पाडलं.

आणि कर्मणीत ‘ग’ गळतो. ‘डॉक्टर झालो’ असेल तर ‘गवॉर्डन’. ‘घर बांधलं गेलं’ असेल तर ‘डास हाउस इस्ट गबाउट वॉर्डन’. ‘गबाउट’मध्ये एक ‘ग’ आधीच आलाय, दुसरा कशाला? हॉस्टेलचा वॉर्डन आठवा, दारात एकच पुरतो.

तपासणी सहावी: क्रम

ही शेवटी ठेवली, कारण इथे हात घालायचा तर बाकी सगळं जागेवर हवं. मुख्य वाक्यात वेर्डन दुसऱ्या जागी आणि जोडीदार शेवटी: ‘इश वेर्डं मॉर्गन नाख ना‌गपूर फारन.’ ‘की’ने जोडलेल्या गौण वाक्यात मात्र दोघंही शेवटी: ‘डास इश मॉर्गन नाख नागपूर फारन वेर्डं.’ आता खाली मराठी लिहा: ‘की मी उद्या नागपूरला जाणार आहे.’ फारन म्हणजे जाणार, वेर्डं म्हणजे आहे. क्रम तंतोतंत आपला. इंग्रजी माध्यमाची मुलं इथे डोकं धरतात. मी त्यांना सांगते, आजीला सांगायचं तसं मनात म्हणा आणि मग शब्द बदला.

इथे थांबा आणि जाणकाराकडे जा

‘हेटं गमाख्ट वेर्डन म्युसन’, म्हणजे ‘करायला हवं होतं’ हेच कर्मणीत, अशी चार क्रियापदांची माळ समोर आली आणि तुम्ही ए-2 किंवा बी-1 ला, म्हणजे सुरुवातीच्या किंवा मधल्या पातळीवर असाल, तर स्वतः जुळवत बसू नका. अर्थ ओळखा, पुढे चला. एका संध्याकाळी अशी चार वाक्यं सोडवण्यापेक्षा ‘विर्ट’ची चाळीस वाक्यं वाचलेली बरी.

सहाही तपासण्या करून तीनचार आठवड्यांनी लिहिताना बरोबर आणि बोलताना ‘विल’ येतच असेल, तर तो आता नियमाचा प्रश्न राहिला नाही. कोणीतरी समोर बसून ऐकायला हवं. पुण्यात मॅक्स म्युलर भवन आहे, फर्ग्युसन रस्त्यावर रानडे इन्स्टिट्यूटमध्ये विद्यापीठाचा परदेशी भाषांचा विभाग आहे, गावात एखादी चांगली शिक्षिका असेल तर तीही चालेल. जाताना चुकलेली वाक्यं तारखेसह घेऊन जा. ‘मला वेर्डन येत नाही’ एवढंच सांगितलं तर तीही पहिल्या पानापासून सुरू करेल.

आणि सरकारी पत्र, भाडेकरार, नोकरीचा करार, डॉक्टरांचा अहवाल यांतल्या ‘विर्ट’शी घरी खेळू नका. जर्मन कचेरीची भाषा कर्मणीवरच चालते, कोणी केलं ते लिहायचंच नाही. ‘ईअर आंट्राक विर्ट आपगलेंट’ याचा अर्थ अर्ज नाकारला जाणार आहे असा नाही. या पत्राने तो नाकारला जातोय, आत्ता. त्याविरुद्ध हरकत घ्यायची मुदत सहसा एकच महिना असते, आणि ती पत्राच्या शेवटी बारीक अक्षरांत असते. विर्ट आणि आपगलेंट हे दोन शब्द एका पत्रात दिसले की माझ्यासारख्या शिक्षिकेला फोटो पाठवू नका. त्याच दिवशी शपथबद्ध अनुवादक किंवा वकील गाठा.